१४ मुलाखतींवर किती भरवसा ठेवायचा? माहिती तंत्रज्ञानातले गुणात्मक अभ्यास वाचताना आणि जोखताना

टीममध्ये एखादं नवं टूल आणायचं की नाही यावर चर्चा चालू असते आणि कुणीतरी एक शोधनिबंध पुढे करतं. त्यात आलेख नाहीत, टक्केवारी नाही. १४ डेव्हलपरांच्या मुलाखती आहेत, त्यांची अवतरणं आहेत आणि शेवटी चार ‘थीम’ मांडल्या आहेत. नवख्या वाचकाच्या यावरच्या दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. एक, ‘फक्त १४ लोक? याला संशोधन कसं म्हणायचं?’ आणि दुसरी, ‘छापून आलंय म्हणजे खरंच असणार.’ दोन्ही प्रतिक्रियांमुळे निबंध नीट वाचायचा राहून जातो. गुणात्मक अभ्यास जोखता येतो, तोही काटेकोरपणे, पण नुसती डोकी मोजून ते होत नाही. लोक जे बोलले किंवा वागले तिथपासून संशोधकाने काढलेल्या निष्कर्षापर्यंतची वाट आपल्याला टप्प्याटप्प्याने दिसते का, हे पाहावं लागतं. खालच्या सगळ्या पायऱ्या ती वाट तपासण्यासाठीच आहेत.

पायरी १: प्रश्न नेमका कोणता, ते शोधा

सारांश वाचला की लगेच निष्कर्षांवर उडी मारू नका. प्रस्तावनेच्या शेवटी संशोधनाचा प्रश्न बहुधा एक-दोन वाक्यांत दिलेला असतो. तो वहीत जसाच्या तसा उतरवून घ्या.

‘कोड रिव्ह्यूला सरासरी किती वेळ लागतो?’ याचं उत्तर रिपॉझिटरीच्या नोंदींतून निघतं. त्यासाठी मुलाखती घेणं म्हणजे चुकीचं हत्यार उचलणं. ‘रिव्ह्यू मंजूर झाल्यावरही लोक मर्ज करायला का कचरतात?’ हे मात्र नोंदींत सापडणार नाही, कारण कचरण्याची नोंद कुठलीच प्रणाली ठेवत नाही. तिथे माणसांशी बोलावं लागतं, त्यांच्या शेजारी बसून काम पाहावं लागतं. ‘कसं’, ‘का’, ‘कोणत्या परिस्थितीत’ असे प्रश्न गुणात्मक अभ्यासाचे. ‘किती’ आणि ‘किती वेळा’ हे त्याचे नव्हेत.

म्हणूनच दहा जणांच्या मुलाखती घेऊन ‘७० टक्के वापरकर्त्यांना ही सुविधा आवडते’ असं लिहिलेलं दिसलं की थांबा. ते सात लोक आहेत, आणि तेही हेतुपूर्वक निवडलेले. त्यांच्यावरून टक्केवारी काढणाऱ्या लेखकाला आपण कोणत्या प्रकारचं काम करतोय हेच नीट उमगलेलं नसतं. तसा निबंध मी बाकीच्या भागातही जास्त सावधपणे वाचते.

पायरी २: लेखक कोणत्या भूमिकेतून बघतोय ते ओळखा

हा भाग नव्या वाचकाला रुक्ष वाटतो, पण तो टाळला तर पुढची सगळी मोजमापं चुकतात. १९९१ मध्ये ऑर्लिकोव्स्की आणि बरूदी यांनी माहिती प्रणाली या विषयातले १९८३ ते १९८८ या काळातले १५५ शोधनिबंध तपासले, तेव्हा त्यातले सुमारे ९७ टक्के प्रत्यक्षवादी भूमिकेतले निघाले. म्हणजे जग आपल्या बाहेर ठरीव रूपात आहे, त्यातले घटक मोजायचे आणि गृहीतकं तपासायची, ही ती भूमिका. या क्षेत्रात शिकलेल्या माणसाच्या हातात आजही नकळत तीच मोजपट्टी असते, त्यामागे हा इतिहास आहे.

दुसरी भूमिका अन्वयार्थवादी. एकच टिकेटिंग प्रणाली सपोर्टमधल्या माणसाला ओझं वाटते आणि व्यवस्थापकाला आरसा वाटतो. मग त्या प्रणालीचा ‘खरा’ अर्थ एकच धरून चालत नाही, कुणासाठी काय अर्थ आहे हे समजून घ्यावं लागतं. तिसरी भूमिका चिकित्सक: कुणाच्या हाती सत्ता आहे, प्रणालीमुळे कुणाचा आवाज दबतो, हे ती विचारते. अन्वयार्थवादी अभ्यासाला ‘चलांवर नियंत्रण का ठेवलं नाही?’ असं विचारणं अन्यायाचं आहे. पण प्रत्यक्षवादी केस स्टडीला ‘पर्यायी स्पष्टीकरणं तपासली का?’ हा प्रश्न जरूर विचारावा.

त्याचं उत्तम उदाहरण म्हणजे लिन मार्कस यांचा १९८३ चा अभ्यास. एका मोठ्या कंपनीत नवी वित्तीय माहिती प्रणाली आली आणि विभागांतल्या लेखापालांनी तिला विरोध केला. मार्कस यांनी तीन स्पष्टीकरणं समोरासमोर ठेवली. दोष माणसांच्या स्वभावात आहे. दोष प्रणालीच्या रचनेत आहे. किंवा प्रणाली आणि संघटनेतली सत्तेची वाटणी यांच्या संबंधात आहे. प्रत्येक स्पष्टीकरण खरं असेल तर प्रत्यक्षात काय दिसायला हवं, हे मांडून त्यांनी ते पुराव्याशी ताडून पाहिलं. पूर्वी विभागांच्या हातात असलेली माहिती नव्या प्रणालीमुळे थेट मुख्यालयाच्या लेखापालांकडे जाऊ लागली होती, आणि विरोधाचा उलगडा याच धाग्याने सर्वांत नीट होत होता. कंपनी एकच, पण युक्तिवाद इतका घट्ट की पुढे १९८९ मध्ये अॅलन ली यांनी एकाच केसमधूनही शास्त्रीय काटेकोरपणा कसा साधतो हे दाखवायला हाच अभ्यास घेतला.

याखेरीज पद्धतीचं नावही बघून ठेवा: केस स्टडी, ग्राउंडेड थिअरी (डेटातूनच सिद्धांत घडवत जाणं), एथ्नोग्राफी (लोकांबरोबर राहून त्यांचं काम दीर्घकाळ पाहणं), कृतिसंशोधन (बदल घडवत घडवत अभ्यास करणं). नाव आणि प्रत्यक्ष काम जुळायला हवं. दोन तासांच्या झूम मुलाखतींना एथ्नोग्राफी म्हणत नाहीत. ज्युलियन ऑर यांनी झेरॉक्सच्या दुरुस्ती तंत्रज्ञांबरोबर फिरून त्यांचं काम पाहिलं, तेव्हा त्यांना दिसलं की अवघड बिघाड पुस्तिकेतल्या क्रमाने सुटत नाहीत. तंत्रज्ञ एकमेकांना जुन्या बिघाडांचे किस्से सांगतात आणि त्यातून निदान सापडतं. ‘तुम्ही दुरुस्ती कशी करता?’ असं प्रश्नावलीत विचारलं असतं तर बहुतेकांनी पुस्तिकेचंच नाव घेतलं असतं.

पायरी ३: पद्धतीचा भाग सावकाश वाचा

बहुतेक लोक हा भाग ओलांडून पुढे जातात. खरं तर निबंधाची निम्मी किंमत इथे ठरते, त्यामुळे वेळ इथेच घालवा.

पहिला सवाल, हीच माणसं का? गुणात्मक अभ्यासात नमुना हेतुपूर्वक निवडतात, ते योग्यच आहे, पण हेतू लिहिलेला हवा. ‘ज्यांनी टूल सहा महिने वापरून सोडलं असे आणि जे अजून वापरतात असे, दोन्ही गट घेतले’ हे वाक्य वाचलं की विश्वास बसतो. ‘लेखकांच्या ओळखीतून सहभागी मिळवले’ यात अप्रामाणिकपणा नाही, फक्त निष्कर्षांची मर्यादा तिथेच आखली जाते.

आपल्या क्षेत्रात काही सापळे वारंवार दिसतात. मुलाखतीला कोणी बसायचं हे व्यवस्थापकाने ठरवलेलं असतं, त्यामुळे नाराज माणसं यादीतच येत नाहीत. टूल बनवणाऱ्या कंपनीचे कर्मचारीच संशोधक असतात. अभ्यास पायलटच्या पहिल्या महिन्यात होतो, म्हणजे उत्साह टिकून असताना. किंवा मोठ्या आउटेजबद्दल वर्षभराने विचारलं जातं. तोवर पोस्टमॉर्टेमचा अहवाल लिहिला गेलेला असतो आणि लोक आपल्या आठवणीऐवजी त्या अहवालाचीच गोष्ट सांगतात. आणि सगळ्यांत नेहमीचा सापळा म्हणजे ज्यांनी टूल सोडून दिलं त्यांचा पत्ताच नसणं.

मग संख्या. २००६ मध्ये गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांनी स्वतःच्या ६० मुलाखतींचं विश्लेषण पुन्हा तपासलं आणि दाखवलं की बहुतेक कोड (प्रोग्राम नव्हे, मजकुराच्या तुकड्यांना अर्थानुसार दिलेली छोटी नावं) पहिल्या १२ मुलाखतींतच आले होते. तेव्हापासून ‘१२ मुलाखती पुरतात’ असा नियमच जणू रूढ झाला. पण त्यांचे सहभागी बऱ्यापैकी एकसारखे होते, विषय आखीव होता आणि सगळ्यांना साधारण तेच प्रश्न विचारले होते. ही अट लेखकांनी स्वतःच सांगितली आहे. नवशिके डेव्हलपर, टेस्टर, सुरक्षा तज्ज्ञ आणि ग्राहक अशा चार गटांतून मिळून १२ जण घेतले असतील तर तो आधार लागू होत नाही. प्रत्येक गटाच्या वाट्याला तीनच माणसं येतात. ‘संपृक्तता गाठली’, म्हणजे आता नवीन काही सापडत नाही, एवढंच वाक्य असेल तर ती कशी ओळखली, शेवटच्या दोन-तीन मुलाखतींत नवीन काही आलं का, हे पुढे लिहिलंय का ते पाहा.

मुलाखतीतले प्रश्नही तपासा. ते बहुधा परिशिष्टात असतात. ‘या टूलने तुमचं काम कसं सोपं केलं?’ हा प्रश्न उत्तर सोबतच घेऊन येतो. ‘मागच्या वेळी बिल्ड पडलं तेव्हा तुम्ही काय केलंत, अगदी पहिल्यापासून सांगा’ हा चांगला प्रश्न, कारण उत्तर देणाऱ्याला मत द्यावं लागत नाही, घटना सांगावी लागते.

डेटा मुलाखतींऐवजी ऑनलाइन चर्चांतून किंवा गिटहबवरच्या इश्यूंमधून घेतला असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. तिथे लोक अडचण आली की लिहितात. सगळं सुरळीत चाललेला माणूस काही लिहायला येत नाही. अशा डेटावरून अडचणींचे प्रकार कळतात, त्या किती जणांना येतात हे कळत नाही.

शेवटी संशोधकाचं स्थान. तो त्याच टीममध्ये काम करत होता का, सहभागी त्याचे विद्यार्थी किंवा हाताखालचे लोक होते का? जवळीक असणं हा दोष नाही. आतल्या माणसाला जे दिसतं ते बाहेरच्याला दिसत नाही. पण ती जवळीक उघड केलेली असावी, आणि तिचा परिणाम काय झाला असेल यावर लेखकाने विचार केलेला दिसावा.

पायरी ४: विश्लेषण एका अवतरणापुरतं स्वतः करून पाहा

हे केल्याशिवाय कोडिंग म्हणजे काय ते कळत नाही. समजा, एका मुलाखतीत कुणी असं म्हणालं (हे वाक्य मी उदाहरणासाठी रचलं आहे):

‘बिल्ड पडलं की मी आधी चॅट उघडते. कुणी काही बोललंय का बघते. डॅशबोर्डवर लाल दिसत असतं, पण ते रोजच लाल असतं.’

पहिल्या फेरीत मजकुराला अगदी चिकटून कोड द्यायचे: ‘आधी चॅट, नंतर डॅशबोर्ड’, ‘इतरांची प्रतिक्रिया बघणं’, ‘लाल खूण रोजचीच’. मग इतर मुलाखतींतले असेच तुकडे शेजारी ठेवायचे. आणखी कुणी ‘अलर्ट आला तरी कुणी फोन केला नाही म्हणजे विशेष काही नसणार’ असं म्हणाला असेल, तर दोन्हींत एक समान सूत्र दिसू लागतं. त्यातून थीम तयार होते: ‘इशारे फार झाले की प्रसंग किती गंभीर आहे हे लोक यंत्राऐवजी सहकाऱ्यांच्या प्रतिक्रियेवरून ठरवतात.’

आता याच तुकड्यावरून काढलेल्या दोन कच्च्या थीम बघा. ‘संवादाचं महत्त्व’. हे नुसतं विषयाचं नाव झालं; यात कुठलाच दावा नाही, त्यामुळे ते चूक ठरण्याचीही सोय नाही. ‘डेव्हलपरांचा ऑटोमेशनवर विश्वास नाही’. यात दावा आहे, पण तो बोलण्यापलीकडे गेला. ती व्यक्ती ऑटोमेशनवर अविश्वास दाखवत नाहीये. रोजच्या लाल खुणेने त्या खुणेचा अर्थच संपवलाय, असं ती सांगतेय. या दोन चुका ओळखायची सवय लागली की कितीतरी निबंधांतला पोकळपणा आपसूक दिसायला लागतो.

निबंधात हा प्रवास दाखवलेला असावा. निदान एखादा तक्ता हवा: मूळ वाक्य, कोड, गट, थीम. ‘डेटामधून थीम वर आल्या’ अशी वाक्यरचना दिसली तर जरा अडून बसा. थिमॅटिक विश्लेषणाची मांडणी करणाऱ्या ब्राउन आणि क्लार्क यांनी २००६ च्या लेखातच या भाषेवर आक्षेप घेतला होता. थीम डेटात लपून बसलेल्या नसतात. संशोधक त्या निवडतो, घडवतो, आणि त्या निवडीची जबाबदारी त्याची असते.

दोन संशोधकांनी स्वतंत्र कोडिंग करून कोहेनचा कॅपा (दोघांचं एकमत योगायोगापेक्षा किती जास्त आहे ते सांगणारा आकडा) काढला असेल तर त्यालाही योग्य जागीच मान द्या. आधी ठरवलेली कोडची यादी सगळ्या मजकुराला लावायची असेल, उदाहरणार्थ बग रिपोर्टचे प्रकार पाडायचे असतील, तिथे दोघांचं एकमत मोजणं उपयोगाचं आहे. अर्थ लावण्याच्या कामात मात्र दोघांच्या मतभेदांतूनच अनेकदा सर्वांत मोलाची गोष्ट हाती लागते, आणि तो आकडा ती झाकून टाकतो. कॅपा नाही म्हणून अभ्यास बाद होत नाही आणि कॅपा ०.८ आहे म्हणून थीम अर्थपूर्ण ठरत नाहीत.

कोडिंग भाषा मॉडेलकडून करून घेतलं असेल तर कोणतं मॉडेल, कोणती सूचना दिली, आणि माणसाने किती मजकूर मुळातून वाचून पडताळला, हे तिन्ही लिहिलेलं असायला हवं. मुलाखती न वाचता काढलेल्या थीमवर मी तरी निर्णय आधारणार नाही.

पायरी ५: निष्कर्षांचा भाग उलटा वाचा

एक दावा घ्या आणि मागे जा. त्याखाली कोणतं अवतरण आहे? ते कुणाचं? ती व्यक्ती अभ्यासात कशासाठी घेतली होती?

कागदावर सहभागींचे क्रमांक लिहा आणि अवतरण आलं की त्या क्रमांकापुढे रेघ ओढा. दहा मिनिटांचं काम आहे, पण चित्र स्वच्छ होतं. कधी दिसतं की १४ जणांपैकी चौघेच बोलतात आणि बाकीचे गप्प आहेत. सहभागी क्रमांक ३ तर प्रत्येक थीममध्ये हजर. बोलका माणूस सगळ्यांचा प्रतिनिधी होतो, असं नकळत घडतं. असं झालं असेल तर थीम ‘सर्वांची’ आहे हा दावा सैल पडतो.

मग अवतरण आणि त्यावरचं भाष्य यांची लांबी नव्हे, वजन तोला. माणूस ‘कधीकधी’ म्हणतो आणि लेखक ‘नेहमी’ लिहितो का? आणि विरोधी उदाहरण शोधा. ज्या अभ्यासात एकही सहभागी मुख्य निष्कर्षाच्या विरुद्ध बोलत नाही तो अभ्यास फार नीटनेटका आहे, आणि माणसांचं काम इतकं नीटनेटकं नसतं. जो लेखक म्हणतो, ‘दोघांचा अनुभव याच्या उलट होता, आणि त्याचं कारण आम्हाला असं दिसतं’, त्याच्यावर मी जास्त भरवसा ठेवते.

हाच मुद्दा क्लाइन आणि मायर्स यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या सात तत्त्वांतही आहे. अन्वयार्थवादी क्षेत्र-अभ्यासासाठी ती आजही मोठ्या प्रमाणावर वापरली जातात. त्यातली तीन नव्या वाचकाने आधी हाताशी ठेवावीत. एकाच घटनेचे वेगवेगळे अर्थ ऐकून घेतलेत का. संशोधकाची सुरुवातीची समजूत डेटामुळे कुठे बदलली ते सांगितलंय का. आणि सहभागींच्या बोलण्याकडे संशयानेही पाहिलंय का, म्हणजे ते असं का सांगत असतील याचा विचार झालाय का. सातही तत्त्वं यांत्रिकपणे लावू नयेत, हेही त्याच लेखात स्पष्ट म्हटलंय.

लिंकन आणि गुबा यांच्या १९८५ च्या चार कसोट्याही पुष्कळ निबंधांत भेटतात: विश्वसनीयता (निष्कर्ष पटण्याजोगे आहेत का), हस्तांतरणीयता (ते दुसरीकडे लागू होतील का), अवलंबनीयता (प्रक्रिया सुसंगत आणि तपासण्याजोगी आहे का) आणि पुष्टियोग्यता (निष्कर्ष डेटातून आले की संशोधकाच्या कलातून). नुसती नावं लिहून ‘आम्ही हे सगळं पाळलं’ असं म्हटलं असेल तर त्याला वजन देऊ नका. त्यासाठी काय केलं, कुणाला मसुदा दाखवला, त्यांनी काय हरकत घेतली, हे वाचायला मिळायला हवं.

पायरी ६: आपल्या कामाला काय लागू होतं ते ठरवा

‘एका कंपनीवरून सगळ्यांबद्दल कसं बोलणार?’ हा प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर नमुन्याच्या आकारात सापडत नाही. ऑर्लिकोव्स्की यांनी १९९३ च्या अभ्यासात दोनच संस्था घेतल्या. दोन्हींनी सॉफ्टवेअर बनवण्याच्या कामात संगणकाची मदत देणारी ‘केस’ (CASE) टूल आणली होती; या ‘केस’चा केस स्टडीशी संबंध नाही. एकीकडे बदल थोडाथोडा झाला, दुसरीकडे कामाची पद्धतच उलथून गेली, आणि हा फरक संस्थेचा हेतू, परिस्थिती आणि लोकांच्या कृती यांतून कसा घडला हे त्यांनी दाखवलं. ती टूल आता मागे पडली. स्पष्टीकरण मात्र आजच्या कोड सहायकाबद्दल विचार करतानाही उपयोगी पडतं, कारण आपण तिथून टक्केवारी आणत नाही. एखादी गोष्ट कशामुळे घडते, त्या घडण्याची रीत आणतो.

ती रीत आपल्याकडे लागू होईल का हे ठरवायला मूळ ठिकाणाचं वर्णन पुरेसं हवं: टीम केवढी, काम कशा प्रकारचं, टूल लादलं होतं की ऐच्छिक, चूक झाली तर कोण अडचणीत येतं. ‘एका बहुराष्ट्रीय कंपनीत’ एवढ्यावर वर्णन संपत असेल तर तुलना करायला हातात काहीच उरत नाही. गोपनीयतेसाठी नाव लपवणं समजू शकतं. परिस्थिती लपवायचं कारण नसतं.

वाचून झाल्यावर अर्ध्या पानाचं टिपण लिहा. एका परिच्छेदात अभ्यासाचा दावा आपल्या शब्दांत, दुसऱ्यात त्याचा सर्वांत भक्कम आणि सर्वांत कच्चा पुरावा, तिसऱ्यात आपल्या ठिकाणच्या कोणत्या अटी जुळतात आणि कोणत्या जुळत नाहीत. वरच्या उदाहरणासाठी ते शेवटी असं होईल: ‘आपल्याकडेही इशारे रोज येतात, म्हणून आधी त्यातले किती निरुपयोगी आहेत ते मोजावं. डॅशबोर्ड बदलण्याबाबत या अभ्यासातून काही ठरत नाही.’

तयार तपासणी याद्या या टप्प्यावर उघडा, आधी नको. कास्पची (CASP) गुणात्मक अभ्यास जोखण्याची यादी दहा प्रश्नांची आहे आणि सुरुवातीला तीच सोयीची. कोरेक (COREQ) ही यादी ३२ मुद्द्यांची असून ती आरोग्य क्षेत्रातल्या मुलाखती आणि गटचर्चांच्या अहवालांसाठी बनली. तिच्यातून लेखकाने काय लिहायचं राहिलं ते कळतं, युक्तिवाद पटतो का ते नाही. सरावासाठी एकाच विषयावरचे दोन निबंध घ्या, एक मुलाखतींवर आधारलेला आणि एक प्रत्यक्ष निरीक्षणावर, आणि एखाद्या सहकाऱ्याबरोबर वेगवेगळी टिपणं लिहून मग ती शेजारी ठेवून बघा. तुमचं जिथे जुळणार नाही, त्या ओळी मूळ निबंधात दोघांनी मिळून पुन्हा वाचा.